काटेसाहेबांचं तिसरं वजन

काटेसाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसायचं, पितळेचं वजन असायचं. दोनशे ग्रॅमचं, वर गुंडी असलेलं, हाताळून हाताळून सोन्यासारखं झालेलं. त्या वजनामुळे त्यांच्या प्रत्येक सदऱ्याचा डावा खिसा खाली ओघळलेला असे. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात ते शिरले की भाजीवाल्यांच्या ओळीत कुजबुज सुरू व्हायची, "आले गा, काटेवाले आले." साहेब कोणाला काही म्हणत नसत. वांगी निवडायची, आणि ती पारड्यात पडायच्या आधी आपलं वजन दुकानदाराच्या काट्यावर हलकेच ठेवायचं. आकडा बरोबर आला तर वांगी घ्यायची. जास्त आला तर वजन उचलायचं, काटा पुसायचा आणि पुन्हा ठेवायचं.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आडनाव ठवरे, पण आमच्या कॉलनीत हे आडनाव फक्त कुरिअरवाल्यांना माहीत होतं आणि तेही पत्ता विचारत फिरायचे. निवृत्त झाल्यावरही खातं त्यांच्या अंगातून गेलं नाही. नोकरीत असताना त्यांनी कधी एका तोलावर कोणावर केस केली नव्हती. ते म्हणायचे, "एकदा चुकला तं काटा चुकला. दुसऱ्यांदा चुकला तं वारा असंल. तिसऱ्यांदा चुकला तं माणूस चुकला. मंग केस." हा नियम त्यांनी घरीही लावला होता. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, अगदी आपल्या जावयालाही.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अंकात दरवर्षी कोणा ना कोणा गेलेल्या सभासदावर लेख येतो. काटेसाहेबांवर अजून कोणी लिहिलेलं नाही, याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. चौकातल्या पानठेल्यावर ते कारण आजही ऐकू येतं. जन्मभर दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या मेडिक्लेमच्या फॉर्ममध्ये आजार लपवला, आणि उघडकीला आलं तेव्हा कंपनीवर ओरडत बसला. हे खोटं आहे. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण तो फॉर्म मी भरला होता.

काटेसाहेबांना संशय यायला काही लागत नसे. गॅसचं सिलिंडर आलं की ते दारातच अडवायचे. ताणकाटा छताच्या हुकाला टांगलेला असायचा, त्यावर सिलिंडर चढल्याशिवाय मोबाइलवर आलेला आकडा ते त्या पोऱ्याला सांगत नसत. पोऱ्या घामाघूम होऊन म्हणायचा, "काका, कोड बताओ ना, गाडी खडी है." साहेब म्हणायचे, "गाडी उभी राहू दे बाप्पा. आधी वजन बोलंल, मंग मी बोलीन." कॉलनीतल्या एका सभासदाला बँकेच्या नावाने फोन करून कोणीतरी फसवलं, तेव्हा मंडळाच्या फळ्यावर साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ओटीपी म्हणजे सही आहे. कोणालाही सांगू नये. कोणालाही म्हणजे कोणालाही. खाली लाल खडूने दोन रेघा. तो मजकूर पुसायची कोणाची हिंमत झाली नाही. पावसाळ्यात ओल येऊन तो आपणच गेला.

पण हा माणूस घेताना जितका घट्ट, तितका देताना सैल. त्यांचं मूळ गाव भिवापूर. दर उन्हाळ्यात तिकडून मिरची यायची, त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, ती कुटून आणायच्या, आणि साहेब घरातल्या तराजूवर एकेक पाव तोलून पुड्या बांधायचे, कॉलनीतल्या घरटी एक. पाव बरोबर झाला की ते डब्यात पुन्हा बोटं घालायचे आणि वर एक चिमूट टाकायचे. मी एकदा म्हटलं, साहेब, हे तर माप चुकलं. ते म्हणाले, "देणाऱ्याचा काटा थोडा खाली झुकलेलाच पाहिजे, गा. नाहीतर तो दुकानदार." मी ती पुडी घेऊन हसत घरी गेलो होतो.

मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि घरी बसवेना म्हणून आरोग्य विम्याची एजन्सी घेतली. सुरुवातीला लोक मला पाहून रस्ता बदलायचे. मग कोरोना आला, घरोघरी दवाखान्यांची बिलं आली, आणि तेच लोक मला चहाला बोलावू लागले. साहेब मात्र आले नाहीत. विमा म्हणजे न दिसणारा माल, असं त्यांचं मत होतं. न दिसणारा माल तोलायचा कसा? पुढे कामठीला वहिनींच्या भावाला दवाखान्यात ठेवावं लागलं. भावाचे यंत्रमाग होते. तो घरी परत आला तेव्हा माग विकले गेले होते. त्यानंतर एका संध्याकाळी साहेब माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "समजावून सांगा. पण विकू नका."

त्या संध्याकाळी त्यांनी काही घेतलं नाही. पुढच्याही नाही. महिनाभर ते येत राहिले. पहिला प्रश्न किमतीचा. तेवढ्याच रकमेच्या विम्याला तीन कंपन्या तीन वेगळे हप्ते सांगत होत्या. साहेबांनी तिन्ही पत्रकं टेबलावर ओळीने मांडली. "एकच माल, तीन दुकानं, तीन भाव. म्हणजे कोणाचा तरी काटा हलका आहे. कोणाचा, ते सांगा." मी सांगितलं की माल एक नाही. स्वस्त पॉलिसीत दवाखान्याच्या बिलाचा काही हिस्सा आपल्यालाच द्यावा लागतो, दुसरीत खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे, तिसरीत जुन्या आजारांसाठी थांबावं लागणारी वर्षं कमी आहेत म्हणून ती महाग. त्यांनी प्रत्येक पत्रकावर पेन्सिलीने खूण केली. त्यांना आनंद झालेला दिसला. संशय खरा ठरला की त्यांचा चेहरा उजळत असे.

खोलीच्या भाड्यावर आम्ही दोन संध्याकाळ घालवल्या. मी सांगितलं की पॉलिसीत खोलीला रोजची मर्यादा असते. त्याहून महाग खोली घेतली तर फक्त खोलीचं जास्तीचं भाडं आपल्या माथी येतं असं नाही. डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्च, सगळ्यालाच त्या प्रमाणात कात्री लागते. साहेबांनी चष्मा काढला. "डॉक्टर तोच. हात तेच. खाट बदलली तं हाताचा भाव काहून बदलते?" मी म्हटलं, दवाखाना खोली पाहूनच सगळे दर लावतो, म्हणून. त्यांनी काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या. मग म्हणाले, "मंग त्याले दवाखाना काहून म्हणता? हॉटेल म्हणा ना."

दुसऱ्या दिवशी ते खरोखरच हॉटेल पाहायला निघाले. पांढरा सदरा, खिशात वजन, असे ते शहरातल्या मोठ्या दवाखान्यांच्या स्वागतकक्षात जाऊन खाटेचा भाव विचारत फिरले. एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पेशंट कोण? साहेब म्हणाले, "अजून झालो नाही." तिने चौकीदाराला बोलावलं. दुसऱ्या दवाखान्यात त्यांनी खोली दाखवा असा हट्ट धरला आणि गादी दाबून पाहिली. परत आल्यावर ते मला म्हणाले की कोणताही दवाखाना भाव कागदावर लिहून देत नाही, सगळे म्हणतात आधी भरती व्हा. "बाजारात वांगेवाली बी आधी भाव सांगते, गा. मंग पिशवीत टाकते."

वय वाढेल तसा हप्ता वाढतो, हे त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं. मी म्हटलं, म्हातारपणी आजारी पडण्याची शक्यता वाढते, म्हणून कंपनी जास्त घेते. शिवाय कंपनी मधूनमधून सगळ्यांचेच दर वाढवते. ते म्हणाले, "म्हणजे माणूस जसा झिजून राहिला तसा भाव चढून राहिला. भंगाराचं तं उलटं असते." तरीही, ते घ्यायला तयार झाले. वहिनींचा आग्रह होता, आणि कामठीचे विकलेले माग त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

इथे माझी गोष्ट सुरू होते. पानठेल्यावर चार लोकांसमोर साहेबांनी मला विचारलं होतं, शेवटचा भाव सांगा. मी मोबाइलवर हिशोब करून हप्ता सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं, मी तोच सांगितला. तिसऱ्यांदा विचारलं, तोच. त्यांनी पानवाल्याला साक्षी ठेवलं आणि म्हणाले, "वानखेडेचा काटा बरोबर आहे." ठेल्यावर सगळे हसले, मीही हसलो. त्या माणसाकडून असं प्रमाणपत्र मिळालेला कॉलनीत मी एकटाच होतो, आणि खोटं का बोलू, त्या दिवशी मी छाती काढून घरी गेलो.

फॉर्म भरायला मी त्यांच्या घरी बसलो तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या. नाव, वय, उंची झाली. वजन सांगताना साहेब म्हणाले की हे मात्र मी तीनदा केलं आहे. मग आजारांचे प्रश्न आले. ते लगेच म्हणाले, "साखर आहे. सकाळी एक गोळी घेतो. लिहा." पानठेल्यावर हप्ता सांगताना मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मोबाइलच्या पडद्यावर मी मधुमेहापुढे 'होय' दाबलं आणि पुढे नवी पानं उघडली. रक्ताच्या तपासण्या लागतील, कंपनी पाहून ठरवेल, हप्ता वाढू शकतो. मी तसाच बसून राहिलो. वाढलेला हप्ता आता यांना सांगायचा, म्हणजे पानठेल्यावरचा भाव खोटा होणार. ते म्हणणार, आधी कमी सांगून ओढायचं आणि मग वाढवायचं, हा तर प्रत्येक दुकानदार करतो. मला ते डोळे दिसत होते, भाजीवाल्याच्या काट्यावर रोखलेले. मी म्हटलं, साहेब, रेंज जाऊन राहिली आहे, घरी जाऊन पूर्ण करतो.

घरी जाऊन मी 'होय' काढलं आणि 'नाही' दाबलं. मनाला समजावलं की एक गोळी म्हणजे काही आजार नव्हे, आमच्या एजंट लोकांत सगळे असंच करतात, आणि यात साहेबांचेच पैसे वाचतात. यातलं एकही कारण खरं नव्हतं. त्यांनी माझ्यावर संशय घेऊ नये, एवढ्याचसाठी मी त्यांना फसवलं.

शेवटी ओटीपी लागला. तो साहेबांच्या मोबाइलवर जाणार होता. मी फोन केला. आलेला आकडा मागितला. मला फळ्यावरच्या लाल रेघा आठवल्या आणि एक क्षण वाटलं की ते नाही म्हणतील, आणि सगळं सुटेल. मग त्यांचा आवाज आला. "तुम्हाले म्हणून सांगतो, गा." आणि त्यांनी एकेक आकडा सावकाश, मध्ये थांबून सांगितला, पारड्यात एकेक वजन ठेवावं तसा.

त्यांना ईमेल नव्हता म्हणून मी माझाच घातला होता. फॉर्मची प्रत माझ्याकडे आली. त्यांच्याकडे टपालाने पॉलिसीचं पुस्तक आलं. ते त्यांनी भिंग घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि वाचून माझ्याकडे आले. "सगळं आहे. पण ह्यात माह्या साखरेचं कुठं दिसून नाही राहिलं. लिहिलं ना, गा?" मी म्हटलं, लिहिलं साहेब, ते कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, पुस्तकात येत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुस्तक पिशवीत ठेवलं. गावाने ज्याच्यापुढे दबकून वागावं असा तो माणूस माझ्या एका वाक्यावर उठून गेला.

पुढची वर्षं मला सुखाची गेली असं कोणी समजू नये. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी वाटायचं की आता कळवून टाकावं. तशी सोय असते. हप्ता थोडा वाढला असता, जुन्या आजाराची वर्षं पुन्हा मोजली गेली असती, एवढंच. पण मग विचारलं असतं, आधी का नाही? साहेब सकाळी कॉलनीजवळच्या तळ्याभोवती फिरताना मला पाहून हात करायचे, आणि मला वाटायचं की यांना कळलं आहे. वहिनींनी चहात साखर कमी घातली तरी मला त्यात अर्थ दिसायचा. जगाचा संशय घेणारा माणूस निर्धास्त झोपत होता, आणि मी प्रत्येक फोनला दचकत होतो.

तळ्याभोवती फिरतानाच त्यांच्या छातीत कळ आली. मी बातमी कळताच दवाखान्यात पोचलो. साहेब खाटेवर होते, तोंडावरचा मास्क सरकवून तरुण डॉक्टरच्या प्रश्नांना उत्तरं देत होते. डॉक्टरने विचारलं, शुगर आहे का? मी दारात उभा होतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं की नाही म्हणा. साहेब म्हणाले, "आहे. बऱ्याच वर्षांपासून आहे. गोळीचं नाव लिहून घ्या." डॉक्टरने लिहून घेतलं. खोलीचं भाडं मर्यादेत आहे ना, हे वहिनींनी आधीच विचारून घेतलं होतं. साहेबांनी पढवून ठेवलं होतं.

हृदयाची नळी उघडली, जीव वाचला. क्लेम वाचला नाही. दवाखान्याच्या कागदावर जुनी साखर होती आणि फॉर्मवर नव्हती. आजार लपवला म्हणून कंपनीने पैसे नाकारले आणि पॉलिसीही बंद केली. साखर लिहिली असती तर थांबण्याची वर्षं तोवर संपली असती, सगळं मिळालं असतं. हे मी आजही कोणाला समजावून सांगू शकतो, धंदाच तो होता माझा. दवाखान्याचं बिल भरायला उमरेड रोडवरचा प्लॉट विकावा लागला. साहेबांच्या मुलीने पुण्याहून फोनवर मला विचारलं, काका, असं कसं झालं? मी म्हटलं, कंपन्या अशाच असतात, पोरी.

दवाखान्यातून सुटायच्या दिवशी साहेब खाटेवर बसून होते. सदऱ्याचा खिसा रिकामा होता, वजन वहिनींच्या पर्समध्ये होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता. "लिहिलं ना, गा?" मी म्हटलं, "लिहिलं होतं, साहेब. कंपनीनेच काहीतरी घोळ केला." त्यांनी डोळे मिटले. मी बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो. पहिला विचार आला तो हाच, की त्यांनी विश्वास ठेवला का.

ठेवला असं मला वाटलं, कारण बरे होताच ते कंपनीशी भांडायला उठले. अर्ज केले, तक्रार केली, प्रकरण विमा लोकपालाकडे नेलं. त्यांना दवाखान्याचा संशय आला, कंपनीच्या कॉम्प्युटरचा आला, मधे क्लेम तपासणाऱ्या लोकांचा आला. कोणीतरी 'होय'चं 'नाही' केलं आहे, असं ते ठेल्यावर येऊन सांगायचे. ते गेले की लोक हसायचे. एकदा कोणीतरी म्हणालं, "बुढ्ढा दवाखान्यात खरं बोलला अन् फॉर्ममध्ये खोटं. आता म्हणून राहिला, कंपनीचा काटा खराब आहे." दुसरा म्हणाला, "जिंदगीभर काटे पाहिले ना, म्हणून चोरी कशी करायची ते माहीत आहे." मी तिथेच उभा होतो. माझ्या तोंडात तंबाखूचा खर्रा होता. मी थुंकायच्या निमित्ताने बाजूला झालो.

मग एक दिवस साहेबांनी घरी बोलावलं. तक्रारीमुळे कंपनीने फॉर्मची प्रत पाठवली होती, ती टेबलावर पडली होती. त्यावर सगळी उत्तरं होती, माझा एजंट नंबर होता, माझा ईमेल होता. साहेबांनी ती वाचलेली होती, हे भिंग बाजूलाच होतं त्यावरून कळत होतं. ते म्हणाले, "वानखेडे, मले एक सांगा…" आणि थांबले. माझ्याकडे पाहत राहिले. मी खाली पाहिलं नाही, तेवढा निर्ढावलो होतो. मग ते म्हणाले, "काही नाही. चहा घ्या." जाताना त्यांनी मला थांबवलं. नवीन मिरची आली होती. त्यांनी पाव तोलला, पुडी बांधायच्या आधी डब्यात बोटं घातली, आणि वर चिमूट टाकली.

त्यांनी तक्रार मागे घेतली हे मला नंतर कळलं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि समजलो की थकले बिचारे. कॉलनी समजली की चोरी पकडली गेली म्हणून गप्प झाले. ठेल्यावर त्यांनी येणंच सोडलं. बुधवार बाजारात जायचे, पण वजन काढत नसत, असं भाजीवाली सांगते. पुढच्या थंडीत ते गेले. शोकसभेत मी बोललो. साहेबांच्या सचोटीबद्दल बोललो. मागच्या रांगेत कोणीतरी हळूच हसलं, आणि ते कशाला हसलं हे मला आणि सगळ्यांना माहीत होतं. मी भाषण पूर्ण केलं.

आता माझ्याही छातीत मधूनमधून दुखतं. गेल्या महिन्यात मी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पानठेल्यावरचा भाव, 'होय'चं 'नाही', ओटीपी, सगळं. त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "मले माहीत आहे."

मला बसायला जागा नव्हती, मी पायरीवर बसलो. त्या म्हणाल्या, "फॉर्मची प्रत आली त्या दिवशी तुम्ही चहा पिऊन गेले ना, तवा मी ह्यायले म्हटलं, समोर बसला होता माणूस, इचारलं काहून नाही? तं म्हणे, दोनदा तोललं, वं. तिसऱ्यांदा तोललं तं केस करा लागते."

वालाचे दाणे टोपलीत पडत राहिले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "ह्यायनं केस नाही केली, ते ह्यायचं. मी नाही माफ करून राहिली. रस्त्यानं जाते तं लोकं माह्याकडे पाहून हसते, भाऊजी. मले सांगून काय फायदा? मले तं माहीतच होतं. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा."

प्लॉटच्या पैशांचं काय करायचं, ते वहिनी आणि मी पाहतो आहोत, ती इथे लिहायची गोष्ट नाही. कंपनीलाही मी लेखी कळवलं आहे. एजन्सी बंद केली. हा अंक निघाल्यावर पानठेल्यावर उभं राहून हा लेख मी स्वतः वाचून दाखवणार आहे. ऐकणाऱ्यांना माझा संशय आला तर तो घ्यावा. त्यांच्या घरीही मी भरलेले फॉर्म असतील, ते काढून तपासावेत, आणि एकदा नव्हे, तीनदा तपासावेत.

साहेबांनी मला साखर सांगितली होती. मग दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी खोटं बोललो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, पण उत्तर द्यायचं राहिलं आहे, ते देतो.

नाही लिहिलं, साहेब.